रेफरच्या चिठ्ठीवर शुद्धीचे आकडे लिहा: सांगली जिल्ह्यातून रुग्ण पुढे पाठवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये आणि खासगी दवाखाने यांचे प्रमुख,
तसेच मा. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि मा. जिल्हा शल्यचिकित्सक

सप्रेम नमस्कार.

"पेशंट सेमी-कॉन्शस. जीसी पुअर. व्हायटल्स स्टेबल. पुढील उपचारासाठी रेफर." म्हणजे अर्धवट शुद्धीत, एकूण अवस्था वाईट, नाडी-बीपी-श्वास वगैरे स्थिर. खाली सही, असला तर शिक्का. वेळ नाही. रात्री-अपरात्री सांगली-मिरजेच्या कॅज्युअल्टीत ज्या चिठ्ठ्या हातात पडतात, त्यातल्या बऱ्याच एवढ्यावर संपतात.

आम्ही त्या चिठ्ठ्या घेणारे लोक आहोत: कॅज्युअल्टीतले डॉक्टर आणि सिस्टर. रुग्ण स्ट्रेचरवरून उतरला की आधी श्वासनलिकेत नळी घालायची की सीटी स्कॅनला न्यायचे, न्यूरोसर्जनला आत्ता उठवायचे की तासभर पाहायचे, हे ठरवावे लागते. रुग्ण आत्ता कसा आहे हे आम्ही तपासतो. तो तुमच्याकडे असताना कसा होता, हे फक्त तुम्हाला माहीत असते. डोक्याला मार लागलेला माणूस जतच्या पूर्व भागातून निघाला तर मिरजेला पोचेपर्यंत दोन तासांहून जास्त वेळ जातो. तो तिथे बोलत होता आणि आता नुसता कण्हतोय, की पहिल्यापासून कण्हतच होता? पहिल्या प्रकारात कवटीच्या आत रक्त साठत असण्याची शक्यता मोठी आणि एकेक मिनिट मोलाचे. नातेवाईक म्हणतात, "मघाशी बोलत होता." मघाशी म्हणजे कधी, हे घाबरलेल्या माणसाला विचारून उपयोग नसतो.

हे पत्र कोणा एका दवाखान्याविरुद्ध नाही. चिठ्ठ्या सरकारी-खासगी सगळीकडच्या सारख्याच असतात, आणि मोठ्या रुग्णालयातून पुण्याला जाणाऱ्याही याला अपवाद नाहीत. पण ही ढिलाई आता मुकाट्याने चालवून घेता येणार नाही, म्हणून जाहीर लिहितो आहोत. रुग्णांच्या घरच्यांनीही हे वाचावे.

पहिली तक्रार: शुद्ध मोजली जात नाही, तिचे वर्णन केले जाते.

"ड्राउझी", "सेमी-कॉन्शस", "गुंगीत" यांचा अर्थ लिहिणाऱ्यागणिक बदलतो. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली ग्लासगो कोमा स्केल प्रसिद्ध केले ते याच अडचणीवर. जीसीएस सगळ्यांनी परीक्षेपुरते पाठ केलेले असते, तरी एकदा मांडतो. डोळे (ई): आपोआप उघडे ४, हाकेला उघडतो ३, दाब दिल्यावर २, नाहीच १. बोलणे (व्ही): विचारलेले नीट सांगतो ५, वाक्ये बोलतो पण गोंधळलेला ४, सुटे शब्द ३, नुसता आवाज २, काही नाही १. हालचाल (एम): सांगितलेले करतो ६, दाबलेल्या जागेपर्यंत हात नेतो ५, हात झटकन मागे घेतो ४, हात कोपरात सावकाश, विचित्रपणे आत वळवतो ३, हात ताठ करतो २, काही नाही १. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. आठ किंवा त्याखाली आला की श्वासमार्ग धोक्यात आहे असे धरून चालायचे.

आता चुका कुठे होतात ते. नुसती बेरीज लिहू नका. "जीसीएस ९" म्हणजे ई२ व्ही२ एम५ असू शकते आणि ई४ व्ही१ एम४ सुद्धा. पहिला डोक्याला मार लागून गुंगीत गेलेला असेल, दुसरा टक्क डोळे उघडे असलेला पण वाचा गेलेला पक्षाघाताचा रुग्ण. बेरीज एक, पुढचे उपचार वेगळे. तिन्ही आकडे सुटे हवेत.

डोळे सुजून मिटले असतील तर ई१ लिहू नका, "सुजेमुळे तपासता येत नाही" असे लिहा. नळी घातलेल्या रुग्णाच्या बोलण्याचेही तेच. "माझा हात दाब" म्हटल्यावर हात दाबला एवढ्यावर एम६ देऊ नका. मेंदूला इजा झालेल्या माणसाचा तळहात आपोआपही मिटतो. "धर, आता सोड" सांगा. सोडला तर ऐकले. किंवा जीभ बाहेर काढायला सांगा.

दाब द्यायचा तो नखाच्या कडेला पेनने, हळूहळू वाढवत, दहा सेकंदांपर्यंत; नाहीतर मानेलगतचा खांद्याचा स्नायू चिमटीत धरून, किंवा भुवईखालच्या खाचेत अंगठ्याने. चेहऱ्याचे हाड मोडल्याची शंका असेल तर भुवईला हात लावायचा नाही. छातीचे हाड मुठीने घासण्याची सवय सोडा. कातडी सोलवटते, आणि हात छातीकडे आला तो वेदना हटवायला आला की नुसता वाकला, ते कळत नाही. गालावर चापट्या मारणे ही तपासणी नव्हे. दोन्ही हात तपासा, चांगल्या हाताचे गुण द्या आणि दुसरा हात कमी हलत असेल तर ते वेगळे लिहा.

आणि भाषा. जत भागातल्या कन्नड बोलणाऱ्या आजोबांना किंवा कुपवाड एमआयडीसीतल्या परप्रांतीय कामगाराला मराठीत प्रश्न विचारायचे आणि उत्तर नाही आले की "गोंधळलेला" म्हणून व्ही४ लिहायचे, हे चूक आहे. सोबतच्या माणसाला विचारायला लावा. गावाकडच्या म्हाताऱ्या बाईंना तारीख विचारू नका, नुकताच कोणता सण झाला, गावचा बाजार कोणत्या वारी असतो ते विचारा. कानाने कमी ऐकू येते का, तेही आधी बघा.

एवढे करायला वेळ नसेल, किंवा समोर रुग्णवाहिकेचा चालक किंवा आशाताई असतील, तर चार पायऱ्या पुरतात: पूर्ण जागा, हाकेला प्रतिसाद, वेदनेला प्रतिसाद, कशालाच नाही. त्यात "जागा आहे पण आजच गोंधळलाय" ही पाचवी भर घाला, कारण म्हाताऱ्या माणसात न्यूमोनियाची किंवा लघवीच्या संसर्गाची पहिली खूण पुष्कळदा तेवढीच असते. वेदनेच्या पायरीला आलेला माणूस कुशीवर हवा आणि त्याच्या तोंडात काहीही जाता कामा नये, पाण्याचा घोटसुद्धा. मानेला मार असेल तर वळवताना डोके, मान आणि धड एका रेषेत. कांदा आणि चप्पल हुंगवण्याबद्दल काय लिहायचे!

दुसरी तक्रार: "व्हायटल्स स्टेबल".

स्थिर आहे हे ठरायला किमान दोन नोंदी लागतात. एकदाच मोजून स्टेबल कसे? त्यातून बीपी १७०/९०, नाडी ५२ हे आकडे पाहून निर्धास्त होणारेही आहेत. डोक्याला मार लागलेल्या माणसात वाढते बीपी, मंदावणारी नाडी आणि अनियमित श्वास हे तिन्ही एकत्र दिसणे म्हणजे मेंदूवरचा दाब टोकाला गेल्याची खूण. उलट पोटात रक्तस्राव होत असलेल्या तरुणाचे बीपी बराच वेळ टिकते. शरीरातले ३० टक्क्यांपर्यंत रक्त, म्हणजे साठ किलोच्या माणसात जवळपास सव्वा लिटर, जाईपर्यंत वरचा आकडा फारसा उतरत नाही, असेही होऊ शकते. त्याआधी नाडी वाढते, हातपाय गार पडतात, बोटाचे टोक पाच सेकंद दाबून सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त लागतात आणि माणूस अस्वस्थ होतो. नाडीचा आकडा वरच्या बीपीला गाठू लागला की थांबायचे नाही. बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असलेल्याची नाडी मात्र वाढणारच नाही, म्हणून गोळ्यांची पाकिटे सोबत पाठवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी खोटे जास्त येते, हेही असू द्या लक्षात.

सगळ्यात दुर्लक्षित आकडा श्वासाचा. चिठ्ठीवर तो असलाच तर २० असतो. धापा टाकणाऱ्याचाही २० आणि घोरणाऱ्याचाही २०! घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजा; नाडी बघतोय असे भासवून मनगट धरा आणि छाती बघा, म्हणजे रुग्ण श्वास बदलत नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या गुणपद्धतीत श्वास २५ किंवा जास्त, अथवा ८ किंवा कमी असेल तर एकट्या त्यालाच सर्वाधिक ३ गुण आहेत, आणि शुद्धीत कोणताही बदल असेल तर त्यालाही ३. एकूण ७ झाले की तातडीची अवस्था. ऑक्सिमीटर याला पर्याय नाही. ऑक्सिजन लावलेला माणूस श्वास मंदावत मंदावत बेशुद्ध होईपर्यंत ९८ टक्के दाखवू शकतो. गार पडलेल्या किंवा नेलपॉलिश लावलेल्या बोटावर आकडा चुकतो. आकडा ऑक्सिजनवर असतानाचा की त्याविना, हे लिहिले नसेल तर तो निम्माच कळतो.

तिसरी तक्रार: साखर न तपासता पाठवणे.

शुद्ध बदललेल्या प्रत्येक माणसाची साखर बोटातून पहिल्या पाच मिनिटांत बघितलीच पाहिजे. फिट असो, पक्षाघात वाटो, दारूचा वास येवो. साखर ७० च्या खाली म्हणजे कमी, ५४ च्या खाली म्हणजे धोक्याची. ती इतकी उतरली की हात-पाय लुळे पडून हुबेहूब पक्षाघात दिसू शकतो. एकादशीचा उपवास धरून मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी मात्र नेहमीची घेतलेली आजी हे त्याचे नेहमीचे उदाहरण. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली, म्हणजे २५ ग्रॅम साखर, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध आली म्हणून लगेच घरी सोडू नका. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांच्यामुळे साखर पुढचे चोवीस तास पुन्हा पुन्हा उतरू शकते, मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी लांब. नेहमी दारू पिणाऱ्याला सोबत थायमिन (ब१ जीवनसत्त्व) १०० मिग्रॅ द्या, पण त्याच्यासाठी साखर अडवू नका.

यंत्राचेही बघा. स्ट्रिपची डबी उघडी राहिली की दमट हवेने स्ट्रिपा बिघडतात. गुऱ्हाळावरून किंवा उसाच्या फडातून आलेल्या माणसाच्या बोटाला गूळ-रस लागलेला असतो, तसेच टोचले तर साखर खोटी जास्त दिसते आणि खरी कमी झालेली सुटून जाते. बोट पाण्याने धुवा, कोरडे करा, मग टोचा.

चौथी तक्रार: "दारू प्यायला आहे."

वासावरून निदान होत नाही. गळीत हंगामात बिनदिव्याच्या, बिनरिफ्लेक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांना रात्री मागून धडकलेला मोटारसायकलवाला प्यालेला असेलही, पण त्याच्या डोक्याला मार लागलेला आहे. जीसीएस १५ च्या खाली असेल तर दुसरे कारण सापडेपर्यंत ते माराने झाले असेच धरा. बाहुल्या मोबाईलच्या उजेडात बघा, डावी-उजवी वेगळी, आकार मिलिमीटरमध्ये, उजेडाला आकसते की नाही. पोलिस येईतो, एमएलसीचे (पोलिस केसचे) कागद होईतो उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितले आहे.

पाचवी तक्रार साप आणि फवारणीची. या जिल्ह्यात हिच्यावर जास्त लिहावेच लागेल.

बत्तीस शिराळ्याच्या या जिल्ह्यात नाग ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही. मण्यार मात्र चावली तरी कळत नाही. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. ऊसतोड मजुरांच्या खोपीत तर झोपायला दुसरी जागाच नसते. सूज नाही, दाताची खूण अनेकदा दिसत नाही. पहाटे पोटात कळ, उलटी, मग पापण्या जड, घशात घोट उतरेना. "ॲसिडिटी" म्हणून इंजेक्शन देऊन परत पाठवलेला रुग्ण दोन तासांनी श्वास थांबलेल्या अवस्थेत येतो. त्याची चिठ्ठी असते: "जीसीएस ३, बाहुल्या विस्फारलेल्या, आशा नाही."

इथे जीसीएस फसवतो. मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडतात, शुद्ध जातेच असे नाही. डोळे उघडत नाहीत कारण पापणी उचलत नाही. बोलत नाही कारण जीभ हलत नाही. बाहुल्यासुद्धा विस्फारून स्थिर राहू शकतात. आणि माणूस सगळे ऐकत असतो. त्याच्या उशाशी उभे राहून बोललेले "आता काही राहिले नाही" हे वाक्यही. म्हणून पापणी बोटाने वर करून विचारा, "डोळा वर कर, पायाचे बोट हलव." काहीच हलले नाही तरी मेंदू मेला असे लिहू नका. अशा रुग्णाला अंबू बॅगने (हाताने दाबायच्या पिशवीने) श्वास देत राहिले तर तो पुष्कळदा पूर्ण बरा होऊन चालत घरी जातो. अजून बोलू शकणाऱ्याची मान उशीवरून उचलली जाते का बघा, एका दमात किती अंक मोजतो ते लिहा आणि अर्ध्या तासाने पुन्हा लिहा. आकडा उतरत असेल तर ऑक्सिमीटर ९८ दाखवत असला तरी श्वास थांबण्याच्या वाटेवर आहे. विषाची लक्षणे असतील तर सर्पविषरोधक लसीच्या सुरुवातीच्या दहा कुप्या तुमच्याकडेच चालू झाल्या पाहिजेत. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. रिॲक्शनसाठी ॲड्रेनलिन हाताशी हवे, मोठ्या माणसाला ०.५ मिग्रॅ मांडीच्या स्नायूत.

द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या वाढतात. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाच्या विषबाधेत टाचणीएवढ्या बाहुल्या, लाळ, घाम, छातीत घरघर, मंद नाडी दिसते. ॲट्रोपिन हा उतारा दिल्यावर हे चित्र बदलते, म्हणून बाहुल्यांची आणि नाडीची नोंद ॲट्रोपिनच्या आधीची हवी. ॲट्रोपिनची मात्रा १.८ ते ३ मिग्रॅ, म्हणजे ०.६ च्या तीन ते पाच ॲम्प्यूल, आणि दर पाच मिनिटांनी छाती मोकळी होईपर्यंत दुप्पट. लक्ष्य छाती, नाडी आणि बीपी, बाहुली नव्हे. चिठ्ठीवर "ॲट्रोपिन दिले" एवढेच असेल तर पुढे आलेला बडबडणारा, तापलेला रुग्ण विषाने तसा झालाय की ॲट्रोपिन जास्त झाल्याने, हे कसे ओळखायचे? एकूण किती मिग्रॅ, शेवटचे किती वाजता, हे लिहा. कपडे काढून साबणाच्या पाण्याने अंग धुऊनच गाडीत घाला. औषधाची बाटली किंवा लेबलचा फोटो पाठवा: पॅराक्वाट तणनाशक असेल तर ऑक्सिजन गरजेपुरताच द्यायचा असतो, आणि ते आम्हाला वासावरून कळत नाही.

सहावी तक्रार लहान आहे. तळमळणाऱ्या रुग्णाला गाडीत आवरता यावे म्हणून मिडाझोलॅम किंवा तत्सम गुंगीचे औषध दिले जाते आणि लिहिले जात नाही. मग इकडे दिसणारी गुंगी माराची की औषधाची, हा घोळ. आणि तळमळ ऑक्सिजन कमी पडल्याची, रक्त गेल्याची किंवा तुंबलेल्या लघवीचीही असते. ती आधी बघा. औषधाचे नाव, मात्रा, वेळ लिहा.

तुमच्या अडचणी आम्हाला माहीत आहेत. रात्री एकच डॉक्टर, आत बाळंतपण चालू, बाहेर तीस नातेवाईक. तरीही वर मागितलेल्या नोंदी तीन-चार मिनिटांच्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच सिस्टर करू शकतात, करतातही. त्या चिठ्ठीवर उतरत नाहीत.

आमच्या मागण्या अशा:

१. जिल्ह्यात सरकारी-खासगी सर्वांसाठी एकच रेफर चिठ्ठी छापावी. तीत ई, व्ही, एम वेगळे, दोन्ही बाहुल्या, मोजलेला श्वास, नाडी, बीपी, ऑक्सिजन, तापमान, साखर, दिलेली औषधे, आणि या सगळ्यांना दोन रकाने: आल्यावर आणि निघताना. प्रत्येकाला वेळ. "व्हायटल्स स्टेबल" लिहायला जागाच ठेवू नये.

२. गाडीत दर पंधरा मिनिटांनी शुद्ध, श्वास, नाडी, ऑक्सिजन यांची नोंद व्हावी. जीसीएस दोनने उतरला तर गाडीतूनच पुढच्या रुग्णालयाला फोन करावा.

३. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आणि रुग्णवाहिकेच्या तपासणीत हे हात लावून बघावे: मुदतीतल्या स्ट्रिपा, चालू ग्लुकोमीटर, तीन मापांचे बीपीचे पट्टे, टॉर्च, अंबू बॅग व मास्क, २५ टक्के डेक्स्ट्रोज, ॲट्रोपिन, सर्पविषरोधक लस. नोंदवहीत शिल्लक दाखवलेली नव्हे, कपाटात असलेली.

४. डॉक्टर, सिस्टर आणि रुग्णवाहिकेचे कर्मचारी यांचे वर्षातून एकदा प्रात्यक्षिक घ्यावे. स्लाइड दाखवून नाही. एकाच रुग्णाचा जीसीएस दोघांनी वेगवेगळा काढायचा आणि फरक का पडला ते बोलायचे. चालक आणि आशाताईंना चार पायऱ्या आणि कुशीवर वळवणे, एवढे पुरे.

५. रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयांनी पाठवणाऱ्या डॉक्टरला निदान आणि परिणाम एका आठवड्यात कळवावा. फोनवर "कशाला पाठवलंत" अशी हजेरी घेणे बंद करावे. ही मागणी आमच्या बाजूच्या वरिष्ठांकडे आहे आणि ती तितकीच गंभीर आहे.

६. दर महिन्याला दोन्ही बाजूंनी काही चिठ्ठ्या काढून तपासाव्यात आणि किती रकाने रिकामे होते ते जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी जाहीर करावे. सुरुवातीला डॉक्टरांची नावे नकोत, तालुक्याचे आकडे पुरेत.

चिठ्ठीचा कच्चा नमुना करून द्यायला आम्ही तयार आहोत. येत्या गळीत हंगामाआधी तो प्रत्येक केंद्रात पोचावा, एवढी मुदत आम्ही मागतो.

आपले,
सांगली-मिरजेतील कॅज्युअल्टीत काम करणारे काही डॉक्टर आणि परिचारिका